वंशवादविरोधी समुपदेशनात सजगता नेमकी कुठे कामाला येते?

अमेरिकेत समुपदेशकाच्या खुर्चीत बसलेली व्यक्ती बहुतेक वेळा गोरी असते. २०१९ मध्ये तिथल्या मानसशास्त्रज्ञांपैकी सुमारे ८३ टक्के गोरे होते आणि कृष्णवर्णीय जेमतेम ३ टक्के. त्यामुळे एखादी कृष्णवर्णीय बाई ऑफिसात झालेल्या अपमानाबद्दल बोलायला जाते, तेव्हा ऐकणाऱ्याच्या वाट्याला तसा अपमान कधी आलेलाच नसण्याची शक्यता खूप मोठी. ऐकणारा शिकलेला असतो, मनाने चांगला असतो, मदत करायलाच बसलेला असतो. तरीही काहीतरी बिनसतं, आणि ते बऱ्याचदा दोन-तीन सेकंदांत बिनसून जातं. त्या दोन-तीन सेकंदांत सजगतेचा, म्हणजे माइंडफुलनेसचा, काय उपयोग होऊ शकतो आणि कुठे होत नाही, ते इथे उलगडून पाहू.

प्रसंग साधासाच घेऊ. एका कंपनीत प्रकल्पप्रमुख असलेली कृष्णवर्णीय बाई आपल्या गोऱ्या समुपदेशकाला सांगते, "मीटिंग सुरू व्हायची होती. मी टेबलाच्या टोकाला लॅपटॉप उघडून बसले होते. बाहेरच्या कंपनीतून आलेला माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, कॉफी जरा इकडे आणता का?" समुपदेशक आस्थेने ऐकतो, मान डोलावतो आणि म्हणतो, "त्यांनी मुद्दाम केलं नसेल हो. गडबडीत असतील."

बोलणं मऊ आहे, आवाजात आपुलकी आहे. पण तिच्या बाजूने पाहा. आतापर्यंत ती घडलेली गोष्ट सांगत होती, आता तिला ती सिद्ध करावी लागणार. खोलीत आणखी कोण कोण बसलं होतं, त्याने दुसऱ्या कुणाला का नाही विचारलं, हे पहिल्यांदा झालं की नेहमीच होतं, सगळ्याचा हिशेब द्यायचा, तोही पैसे मोजून घेतलेल्या तासात. बहुतेक जणी असा वाद घालत बसत नाहीत. "असेल, तसंही असेल," म्हणून विषय बदलतात आणि पुढच्या खेपेला झोप लागत नाही एवढंच सांगतात. काही जणी पुढच्या खेपेला येतच नाहीत.

अशा बारीकसारीक, रोजच्या अपमानांना 'मायक्रोअ‍ॅग्रेशन' हे नाव कृष्णवर्णीय मानसोपचारतज्ज्ञ चेस्टर पिअर्स यांनी १९७० मध्ये दिलं. २००७ मध्ये मानसशास्त्रज्ञ डेराल्ड विंग सू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना थेट समुपदेशनाच्या खोलीत आणली आणि उपचार करणाऱ्याच्या तोंडूनही हे घडतं हे मांडलं. "मला माणसाचा रंग दिसतच नाही." "तुम्ही फार मनाला लावून घेता." "कष्ट केले की कुणीही पुढे जातं." बोलणाऱ्याला यात काही वावगं वाटत नाही, अडचण तिथेच आहे. २०१४ मध्ये जेसी ओवेन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात जाणाऱ्या अल्पसंख्याक वंशगटांतल्या लोकांना याबद्दल विचारलं. निम्म्याहून थोड्या जास्त जणांनी आपल्याच समुपदेशकाकडून असा किमान एक अनुभव आल्याचं सांगितलं, आणि त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश जणांच्या बाबतीत त्यावर नंतर बोलणंच झालं नव्हतं. याच अभ्यासातली आणखी एक बाब मला जास्त मोलाची वाटते. जिथे त्या प्रसंगावर नीट बोलणं झालं, तिथे दोघांमधलं नातं, असा अनुभव कधी न आलेल्यांइतकंच घट्ट राहिलं. म्हणजे चूक होणार हे धरून चालता येतं, पण झालेली चूक लक्षात यायला हवी आणि ती बोलून दाखवता यायला हवी.

आता त्या समुपदेशकाच्या आत काय झालं ते जरा सावकाश पाहू. ती कॉफीचं सांगते आणि त्याच्या छातीत किंचित आवळल्यासारखं होतं. खांदे वर जातात, श्वास वरच्या वर अडकतो. मनात एक वाक्य येऊन जातं, तेही अर्धवट: 'आता ही गोऱ्या लोकांबद्दल बोलणार, म्हणजे माझ्याबद्दलही…' त्याच्या पाठोपाठ ही अस्वस्थता घालवायची घाई. "त्यांनी मुद्दाम केलं नसेल" हे वाक्य त्या घाईतून बाहेर पडतं. आपण तिला धीर दिला असं त्याला वाटतं. खरं तर त्याने स्वतःचा ताण उतरवला आणि त्याची किंमत तिने मोजली.

वंशवादविरोधी समुपदेशनात सजगतेचं सगळ्यात खरं काम मला इथे दिसतं. छातीत आवळणं आणि तोंडातून वाक्य निघणं यांच्यामध्ये एक बारीकशी फट असते. सरावाने ती थोडी रुंद होते. तेवढ्यात समुपदेशकाला कळू शकतं की आपण आता बचावाला उभे राहतो आहोत, आणि मग तो ते वाक्य गिळू शकतो.

सजगता म्हटलं की डोळे मिटलेला शांत चेहरा नजरेसमोर येतो. शांत वाटणं हा त्यातला एक भाग झाला, आणि या कामापुरता तो दुय्यम आहे. या घडीला शरीरात, मनात आणि भोवताली जे चाललं आहे त्याकडे, ते चांगलं की वाईट हे ठरवायची घाई न करता, लक्ष ठेवायचं. लक्ष भरकटलं की परत आणायचं. एवढीच ही गोष्ट. विपश्यनेची ओळख असलेल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही, कारण मूळ त्याच बौद्ध परंपरेत आहे. १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात ताणतणाव आणि जुनी दुखणी असलेल्या रुग्णांसाठी एक कार्यक्रम सुरू केला. त्याला पुढे आठ आठवड्यांचं ठरावीक रूप आलं आणि तिथून ही पद्धत दवाखान्यांत, शाळांत आणि समुपदेशनाच्या वर्गांत पोचली.

ध्यानाला बसलेल्या माणसाचा पाय दुखायला लागतो, हलवावासा वाटतो. तो लगेच हलवत नाही. दुखतं नेमकं कुठे, वाढतंय की कमी होतंय, हलवण्याची ओढ कशी उसळते आणि कशी ओसरते, हे तो बघत राहतो. 'आत्ताच्या आत्ता काहीतरी केलंच पाहिजे' ही भावना खरी वाटली तरी ती आपोआप उतरते, हे असं बसून बसून अंगवळणी पडतं. वंशाचा विषय निघाल्यावर समुपदेशकाला हेच लागतं. तिथे दुखतो तो अभिमान, आणि हलवावासा वाटतो तो विषय.

याला प्रयोगाचा थोडा आधारही आहे. पूर्वग्रह मोजण्याची एक संगणकी चाचणी १९९८ पासून वापरात आहे. वेगवेगळ्या वंशांचे चेहरे आणि चांगले-वाईट शब्द यांची जोडी लावायला किती वेळ लागतो, यावरून मनात काय काय आपसूक जुळतं याचा ती अंदाज घेते. २०१५ मध्ये अ‍ॅडम ल्यूकी आणि ब्रायन गिब्सन यांनी काही गोऱ्या विद्यार्थ्यांना फक्त दहा मिनिटांचं सजगतेचं ध्वनिमुद्रण ऐकवलं, तर बाकीच्यांना दुसरंच काही. ज्यांनी सजगतेचं ऐकलं त्यांच्यात वंश आणि वय या दोन्ही बाबतींतला नकळत असलेला पूर्वग्रह कमी दिसला. यावरून दहा मिनिटांत वंशवाद जातो असं कुणी म्हणू नये. चाचणीतला काही मिलिसेकंदांचा फरक आणि माणसाशी प्रत्यक्ष वागणं यांत बरंच अंतर आहे. पण आपोआप येणारा विचार हा शेवटचा शब्द नसतो, एवढी आशा त्यातून नक्की मिळते.

मात्र नुसतं लक्ष देणं पुरत नाही, हे मला ठासून सांगायचं आहे. काय शोधायचं तेच ज्याला माहीत नाही, त्याला कितीही लक्ष दिलं तरी ते दिसणार नाही. समजा, एक उंचापुरा कृष्णवर्णीय तरुण पोलिसांनी रस्त्यात अडवल्याचं सांगतो आहे आणि सांगता सांगता त्याचा आवाज चढतो. समुपदेशकाच्या पोटात गोळा येतो. सराव केलेला आहे, त्यामुळे ती भीती त्याच्या लक्षात येते. पुढे काय? 'मला भीती वाटते आहे, म्हणजे हा माणूस धोकादायक असणार' असं त्याने धरलं, तर केसच्या नोंदीत 'आक्रमक', 'संशयी' असे शब्द जातील. सजगतेने पूर्वग्रह सैल होण्याऐवजी त्यावर पक्का शिक्का बसला.

ही भीती आली कुठून, हे कळायला इतिहास लागतो. १८५१ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेत सॅम्युएल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने गुलामांच्या पळून जाण्याला आजार ठरवलं आणि त्याचं 'ड्रॅपेटोमेनिया' असं बारसं केलं. स्वातंत्र्य हवंसं वाटणं हेच रोगाचं लक्षण! १९७४ मध्ये, नागरी हक्कांच्या लढ्याला फार वर्षं लोटलेली नसताना, मानसोपचाराच्या एका नियतकालिकात औषधाच्या जाहिरातीवर रागाने मूठ आवळलेला कृष्णवर्णीय पुरुष छापला गेला. ते चित्र पाहून शिकलेल्या डॉक्टरांनी पुढच्या पिढ्या शिकवल्या. अमेरिकेत सिझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराचं निदान कृष्णवर्णीयांच्या माथी गोऱ्यांपेक्षा जास्त प्रमाणात येतं, आणि नैराश्याची लक्षणं ठळक असतानाही अनेकदा तेच निदान होतं, असं अगदी अलीकडच्या अभ्यासांतही दिसलं आहे. २०२१ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने वंशवादाला आपण हातभार लावल्याबद्दल जाहीर माफी मागितली. हा सगळा मागचा भाग ज्याला ठाऊक आहे, तो पोटातला गोळा ओळखतो आणि स्वतःला विचारतो: समोर बसलेला मुलगा अपमानाने कासावीस झाला आहे, त्याने मला धमकावलेलं नाही, मग मला नेमकी कशाची भीती वाटते आहे? मग तो आवाज उतरवायला सांगत नाही. ऐकत राहतो.

वंशवादविरोधी काम म्हणजे काय, हेही इथेच सांगायला हवं. 'माझ्या मनात कुणाबद्दल द्वेष नाही' एवढ्यावर ते थांबत नाही. घर, शाळा, नोकरी, पोलिस, दवाखाना या सगळ्यांत भेदभाव मुरलेला आहे, त्याचा परिणाम माणसाच्या झोपेवर, रक्तदाबावर, मुलांना रोज घराबाहेर पाठवताना वाटणाऱ्या काळजीवर होतो, हे मान्य करायचं आणि आपल्या हातात जे आहे ते बदलायला घ्यायचं. अमेरिकन समुपदेशन संघटनेने २०१५ मध्ये मान्य केलेल्या बहुसांस्कृतिक आणि सामाजिक न्यायाच्या निकषांत सुरुवात समुपदेशकाने स्वतःला ओळखण्यापासून आहे, आणि शेवटी गाडी येते ती क्लायंटच्या बाजूने प्रत्यक्ष काही करण्यावर. सजगता पहिल्या टप्प्याला मोठा आधार देते. शेवटच्या टप्प्यापर्यंत ती एकटी पोचवत नाही.

कॉफीचा प्रसंग आता दुसऱ्या तऱ्हेने घडू दे. ती सांगते, त्याच्या छातीत आवळतं. दोन्ही पावलं जमिनीला टेकलेली आहेत हे तो जाणवून घेतो, एक श्वास पूर्ण बाहेर सोडतो. हे सगळं बाहेरून दिसतही नाही. मग म्हणतो, "प्रकल्पाच्या प्रमुख तुम्ही, आणि तुम्हाला कॉफी आणायला सांगितलं." एवढंच, आणि थांबतो. ती काही बोलते, डोळे भरून येतात. थोड्या वेळाने तो विचारतो, "यात तुमच्या कृष्णवर्णीय असण्याचा भाग आहे असं तुम्हाला वाटलं का? मी गोरा आहे, त्यामुळे माझ्याशी हे बोलणं सोपं नसेल. बोलावंसं वाटलं तर मला ऐकायचं आहे." वंशाचा विषय असा आपणहून काढण्याला समुपदेशनात 'ब्रोचिंग' म्हणतात. नॉर्मा डे-वाइन्स आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये त्याची नीट मांडणी केली. विषय काढायचा भार क्लायंटवर टाकू नये, हा त्यातला गाभा. दार उघडं ठेवायचं, आत यायचं की नाही ते तिने ठरवायचं.

आणि वाक्य निसटून गेलंच असेल तर? तिच्या चेहऱ्यावरचा बदल टिपता येणं ही त्या वेळची सजगता. तिचा आवाज सपाट झाला, उत्तरं 'हो', 'ठीक आहे' इतकी तुटक झाली, हातातली पर्स मांडीवर आली. हे दिसलं की तिथल्या तिथे म्हणता येतं, "मघाशी मी त्या माणसाची बाजू घेतली. तुमचं पुरतं ऐकायच्या आधीच मी त्याला मोकळं केलं. माझं चुकलं." यानंतर स्पष्टीकरण देऊ नये. आपला हेतू किती चांगला होता हे सांगायला लागलं की चर्चा पुन्हा समुपदेशकाभोवती फिरू लागते.

इथे अपराधीपणाचा प्रश्न येतो आणि तो नाजूक आहे. आपल्यातही पूर्वग्रह आहे हे कळल्यावर चांगल्या माणसाला लाज वाटते. ती लाज सोसवली नाही की माणूस एक तर भांडतो, एक तर गप्प होतो, नाही तर रडू लागतो. समुपदेशक रडला की क्लायंट त्याला समजावू लागते. "अहो, तुम्ही नका वाईट वाटून घेऊ." आयुष्यभर ती हेच करत आलेली असते, गोऱ्यांचं मन सांभाळणं, आणि आता इथेही तेच. सजगतेच्या परंपरेत लक्ष देण्याबरोबर करुणाही शिकवली जाते, त्यात स्वतःबद्दलची करुणाही आली. 'हो, हा विचार माझ्या मनात आला. मी ज्या समाजात वाढलो त्याने तो रुजवला. आता त्याचं काय करायचं ती जबाबदारी माझी.' लाजेच्या ओझ्याखाली दबून न जाता जबाबदारी घेता येणं हे त्या करुणेचं फळ. लाज वाटू नये असा याचा अर्थ नाही. ती घेऊन क्लायंटसमोर न बसता सुपरव्हिजनमध्ये, ज्येष्ठ सहकाऱ्यापुढे बसावं, इतकंच.

समुपदेशक स्वतः कृष्णवर्णीय, लॅटिनो किंवा आशियाई वंशाचा असेल तर चित्र बदलतं. गोरा क्लायंट बोलता बोलता काहीतरी टोचणारं बोलून जातो आणि समुपदेशकाला व्यावसायिक चेहरा ठेवून ते झेलावं लागतं. त्याच्यासाठी सजगतेचा अर्थ 'सोसत राहा' असा लावणं अन्यायाचं आहे. आपल्याला लागलं हे ओळखणं, त्यावर बोलायचं का आणि कधी हे ठरवणं, आणि दिवस संपल्यावर ते घरी घेऊन न जाण्यासाठी आधाराचं माणूस गाठणं, हा त्याच्या बाजूचा उपयोग. वंशवादविरोधी प्रशिक्षणं बहुतेक गोऱ्या समुपदेशकाला समोर ठेवून आखलेली असतात. गोऱ्या नसलेल्या या समुपदेशकांकडे लक्षच जात नाही, याची मला खंत वाटते.

ज्याने वंशवाद सोसला आहे त्या क्लायंटला सजगता शिकवावी का? शिकवावी, पण जपून. आफ्रिकन-अमेरिकन लोकांवर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की ज्यांची सजगता जास्त, त्यांच्या बाबतीत वंशवादाचे अनुभव आणि चिंतेची लक्षणं यांच्यातला संबंध कमी तीव्र होता. रात्री तोच प्रसंग डोक्यात फिरत राहणं, 'मी असं उत्तर द्यायला हवं होतं' या विचाराने पहाटेपर्यंत जाग, यातून थोडी सुटका होऊ शकते. आपल्या जखमेकडे, तिला खोटी न ठरवता, मायेने बघता येतं.

पण ज्याच्या शरीराने धोका अनुभवला आहे, त्याला डोळे मिटून शांत बसायला सांगणं कधी कधी उलटं पडतं. डोळे मिटताच पोलिसांच्या गाडीचे दिवे दिसू लागतात, छाती धडधडते. अशा वेळी डोळे उघडे ठेवू द्यावेत, नजर खिडकीवर किंवा भिंतीवर टेकू द्यावी, श्वासाऐवजी पायाखालच्या जमिनीवर लक्ष न्यावं, चालता चालता करावं, आणि थांबायची मुभा तर कायम असावी. शिवाय अमेरिकेत सजगतेवर झालेल्या संशोधनात भाग घेणाऱ्यांत गोऱ्यांचाच भरणा आहे, तेव्हा तिथे चाललेलं सगळं जसंच्या तसं सगळ्यांना लागू पडेल असं धरू नये. क्लायंटच्या घरातलं, प्रार्थनास्थळातलं, आजीकडून आलेलं शांत होण्याचं काही साधन असेल तर त्याला पहिला मान द्यावा.

याहून मोठा धोका वेगळा आहे. "राग सोडा, श्वासावर या" हे वाक्य अन्याय झालेल्या माणसाला ऐकवणं सोपं असतं. कंपनीतली वागणूक तशीच राहते आणि तिला ध्यानाचं अ‍ॅप मिळतं. तिचा राग हे लक्षण नाही, ती माहिती आहे: कुठेतरी काहीतरी चुकतं आहे याची. सजगतेने तिने रागाशी मैत्री करावी, तो कधी आणि कुणापुढे वापरायचा ते ओळखावं, तक्रार लिहायची ठरवली तर समुपदेशकाने तिला ती लिहायला मदत करावी. तो विझवायचा अधिकार समुपदेशकाला कुणी दिलेला नाही.

मग समुपदेशकाने रोज करायचं काय? फार मोठं काही नाही. रोज काही वेळ शांत बसण्याचा सराव. प्रत्येक बैठकीआधी मिनिटभर, आता येणाऱ्या व्यक्तीचं नाव आठवल्यावर शरीरात काय होतं ते बघणं: कुणाच्या नावाने हलकं वाटतं, कुणाच्या नावाने घड्याळाकडे लक्ष जातं. बैठकीनंतर दोन ओळी स्वतःसाठी: वंशाचा विषय निघाला का, कुणी काढला, मी कुठे घाई केली. आणि याच्या जोडीला वाचन, वेगवेगळ्या वंशगटांतल्या सहकाऱ्यांबरोबरचं सुपरव्हिजन, स्वतःच्या घराण्याचा आणि गावाचा इतिहास तपासणं. ध्यानाने मन उघडलं तरी आत काय घ्यायचं ते बाहेरूनच आणावं लागतं.

यातलं बरंचसं खोलीतलं झालं. भेद मात्र दाराबाहेरच सुरू होतो. समाजशास्त्रज्ञ हेदर कुगलमास यांनी न्यूयॉर्क शहरातल्या ३२० मानसोपचारकांच्या फोनवर वेगवेगळ्या आवाजांत, भेटीची वेळ मागणारे निरोप ठेवले आणि २०१६ मध्ये निकाल मांडला. बोलण्यावरून मध्यमवर्गीय गोरे वाटणाऱ्यांपैकी २८ टक्क्यांना भेटीची वेळ मिळाली, मध्यमवर्गीय कृष्णवर्णीय वाटणाऱ्यांपैकी १७ टक्क्यांना, आणि कामगारवर्गीय वाटणाऱ्यांपैकी, मग ते गोरे असोत वा कृष्णवर्णीय, फक्त ८ टक्क्यांना. हे निरोप ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांनी 'मी भेदभाव करतो' असं मनातही म्हटलं नसेल. निरोप ऐकताना आलेला तो सूक्ष्म कंटाळा किंवा 'हा क्लायंट अवघड जाईल' हा विचार, तो त्याच वेळी टिपता आला तर फोन परत केला जाऊ शकतो. तरीही तेवढ्यावर विसंबू नये. कुणाचा फोन आला, कुणाला उलट फोन केला, कुणाला वेळ दिली, कमी शुल्काची सवलत कुणाला मिळाली, याची लेखी यादी ठेवावी. दर काही महिन्यांनी ती घेऊन बसावं, आकड्यांत काय दिसतं ते पाहावं, आणि ती पाहताना सोबत असा एक सहकारी असावा ज्याला आपली भीड वाटत नाही.